धुराला कामाला लावणारा अभियंता : अल्फ्रेड ब्यूखी

टर्बो बसवलेल्या पेट्रोल गाडीचे इंजिन गरम झाल्यावर ते आयडलवर सोडावे आणि इनटेक मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेज जोडावे. काटा साधारण १६ ते २० इंच पाऱ्याच्या आसपास स्थिर राहतो. टर्बो नसलेल्या गाडीतही आकडा जवळपास हाच येतो. अनेकांना याचे नवल वाटते. टर्बो म्हणजे दाबाने हवा भरणारे यंत्र, मग तिथे निर्वात कसा, हा प्रश्न रास्तच आहे. त्याचे उत्तर शोधू लागले की स्वित्झर्लंडमधील विंटरथूर या गावात जन्मलेल्या एका अभियंत्याच्या आयुष्यापाशी जावे लागते.

अल्फ्रेड ब्यूखी यांचा जन्म ११ जुलै १८७९ चा. वडील सुल्झर या यंत्रनिर्मिती कंपनीत वरिष्ठ पदावर होते. त्यामुळे इंजिनांचा सहवास बालपणापासूनचा. झुरिचच्या पॉलिटेक्निकमधून १९०३ मध्ये पदवी घेऊन ते बेल्जियम व इंग्लंडमध्ये उमेदवारी करीत राहिले. इंधनाच्या उष्णतेचा फार मोठा भाग धुराबरोबर वाया जातो, ही गोष्ट त्यांच्या मनात सलत राहिली. धुराच्या झोताने एक चक्र फिरवावे, त्या चक्राने हवा दाबणारे दुसरे चक्र चालवावे, आणि ती दाबलेली हवा पुन्हा इंजिनालाच द्यावी, अशी त्यांची कल्पना. १६ नोव्हेंबर १९०५ रोजी त्यांच्या नावे जर्मन पेटंट नोंदले गेले, तेव्हा त्यांचे वय २६ होते.

पुढची वीस वर्षे मात्र कसोटीची ठरली. मायदेशी परतून सुल्झरमध्ये डिझेल संशोधनाचे काम पाहताना त्यांनी प्रयोग चालू ठेवले. अडचण मुळातलीच होती. इंजिनावर भार कमी असला की धूर कमी, धूर कमी की चक्राला जोर नाही, आणि जोर नसला की हवेला दाब नाही. वर धुराची वाट अडल्याने इंजिन गुदमरायचे ते वेगळेच. १९१५ मध्ये त्यांनी ब्राऊन बोव्हेरी कंपनीला टर्बोचार्जर बनवण्याची विनंती केली. ती मान्य व्हायला १९२३ साल उजाडले. मधल्या काळात फ्रान्समध्ये रातो यांनी विमानाच्या इंजिनावर टर्बो चालवला, तर अमेरिकेत १९१८ मध्ये सॅनफर्ड मॉस यांनी पाइक्स पीक या १४ हजार फूट उंच शिखरावर चाचणी घेतली. आपली कल्पना इतरांच्या हाती आकार घेताना पाहणे ब्यूखींना सोपे गेले नसावे.

अखेर यश आले ते जहाजांवर. ‘प्रॉयसेन’ व ‘हान्सेस्टाट डान्झिग’ या दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या दहा सिलिंडरी डिझेल इंजिनांची शक्ती टर्बोमुळे १,७५० वरून २,५०० अश्वशक्तीवर गेली. १९२५ च्या पेटंटात त्यांनी मूळ दुखण्यावर उपाय मांडला. धूर एकाच मोठ्या नळीत साठवायचा नाही. सिलिंडरांचे गट पाडून अरुंद नळ्यांतून प्रत्येक धक्का थेट चक्रावर आदळू द्यायचा. शिवाय दोन्ही झडपा थोडा वेळ एकत्र उघड्या ठेवायच्या, म्हणजे ताजी हवा सिलिंडर धुऊन काढते. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने संघ स्थापन झाला आणि युरोपातील इंजिन कारखाने ही पद्धत स्वीकारू लागले. आमच्या मते ब्यूखींचे खरे कर्तृत्व १९०५ च्या पेटंटापेक्षा या दुरुस्तीत अधिक आहे.

गेजवरच्या आकड्याचा उलगडाही इथेच होतो. आयडलवर धूर इतका थोडा असतो की टर्बो नुसता फिरत राहतो, दाब निर्माण करीत नाही. थ्रॉटल जवळजवळ मिटलेला असतो. पिस्टन हवा ओढतात आणि थ्रॉटलच्या पलीकडे निर्वात तयार होतो. दोन्ही झडपा जास्त काळ एकत्र उघड्या राहणारी कॅमशाफ्ट असेल, तर जळका वायू इनटेकमध्ये उलटतो आणि काटा नेहमीपेक्षा खाली दिसतो. थ्रॉटलच्या पुढे गळती असेल तरीही काटा उतरतो. पण टर्बो आणि थ्रॉटल यांमधल्या रबरी नळीला भेग असेल, तर आयडलचा आकडा बहुधा बिघडत नाही आणि मेकॅनिक फसतो. उंचीचाही हिशेब धरावा लागतो. दर हजार फुटांना सुमारे एक इंच घट, त्यामुळे पणजीत १९ दाखवणारी गाडी अडीच हजार फुटांवरच्या बेळगावात १६-१७ दाखवील. त्यात दोष काही नाही.

खुद्द ब्यूखींच्या डिझेल इंजिनांत हवा अडवणारा थ्रॉटलच नव्हता, म्हणून हा निर्वातही नव्हता. डिझेल गाड्यांना ब्रेकसाठी वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो तो याच कारणाने. १९३८ मध्ये सॉरर कंपनीने ट्रकवर टर्बो बसवला. रस्त्यावरच्या वाहनाशी आलेला हा संबंध ब्यूखींच्या हयातीतला. २७ ऑक्टोबर १९५९ रोजी विंटरथूरमध्येच त्यांचे निधन झाले. टर्बो लावलेली ओल्ड्समोबाइल जेटफायर ही पेट्रोल मोटार अमेरिकेत विक्रीस आली ती १९६२ मध्ये.