पोलादाचा शीण ओळखणारा अभियंता

कोलशेतच्या खाडीकाठी रोवलेला खांब एका लाटेने मोडत नाही. वर्षानुवर्षांच्या लाटांनी तो खिळखिळा होतो. पोलादाचेही असेच असते, हे प्रयोगाने सिद्ध करणारे जर्मन अभियंते ऑगस्ट व्होलर आज अभियंत्यांखेरीज फारसे कोणास ठाऊक नाहीत.

व्होलर १८१९ साली जन्मले. १८४७ पासून ते प्रशियातील एका रेल्वेत डबे व एंजिने सांभाळीत. १८५३ साली आपल्या ठाण्यास पहिली आगगाडी आली, त्या सुमारास युरोपातील अभियंत्यांना एका कोड्याने ग्रासले होते. १८४२ साली व्हर्सायनजीक एंजिनाचा आस तुटून पन्नासाहून अधिक प्रवासी दगावले होते. भार पेलण्यास पुरेसा असलेला आस अचानक का तुटावा?

व्होलर यांनी तर्क लढविण्याऐवजी मोजमाप केले. धावत्या डब्यांच्या आसांवर प्रत्यक्ष किती ताण येतो, हे त्यांनी प्रथम नोंदले. मग तोच ताण पुनःपुन्हा देणारी यंत्रे बांधली. १८७० पर्यंत चाललेल्या या चाचण्यांतून निष्कर्ष निघाला, की एका दमात सहज पेलवणारा भारही लक्षावधी वेळा आल्यास लोखंडाला तडा पाडतो. १९१४ साली ते निवर्तले.

आज हाच विचार समुद्रात पोहोचला आहे. १९७४ साली मुंबई हायमध्ये तेल सापडले आणि तेथे पोलादी नळ्यांचे मनोरे उभे राहिले. सहा सेकंदांस एक लाट धरली, तरी वर्षाला पन्नास लाखांवर तडाखे होतात. त्यांचा मारा नळ्यांच्या वेल्डिंग केलेल्या सांध्यांवर एकवटतो. समुद्राच्या लाटा मात्र एकसारख्या नसतात. म्हणून प्रयोगशाळेत सागरी नोंदींवरून लहानमोठे भार बेतून, ते तेलदाबाच्या यंत्रांनी सांध्यावर दिले जातात व तडा केव्हा पडतो ते पाहिले जाते.

या शिस्तीचे मोल १९८० साली कळले. उत्तर समुद्रातील ‘अलेक्झांडर कीलँड’ हा तरंगता तळ उलटून १२३ माणसे बुडाली. मूळ होते एका किरकोळ जोडणीच्या वेल्डिंगपासून वाढलेल्या तड्यात.

चाचणीचा खर्च आणि विलंब हिशेबनिसाच्या डोळ्यांत सलतो. जी दुर्घटना टळली, तिची नोंद कोणत्याच खतावणीत होत नाही, हे त्याने विसरू नये. व्होलर यांच्या चिकाटीचे ऋण अशा न घडलेल्या अपघातांतच मोजावे लागेल.