दहा हजार पट झूम: जगदीशचंद्र बोस यांचा क्रेस्कोग्राफ

मागच्या ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी झाल्यावर काकांच्या दिंडोरीच्या द्राक्षबागेत मी ट्रायपॉडवर मोबाइल लावला. मिनिटाला एक फोटो, बारा तासांत ७२० फोटो, म्हणजे २४ सेकंदांचा टाइमलॅप्स. डोळा फुटताना दिसेल असं वाटलं होतं. पण वारा सुटला, काडी हलली आणि सगळा व्हिडिओ वाया गेला. नाशिकला परत येताना डोक्यात एकच विचार होता: शंभर वर्षांपूर्वी, मोबाइल नसताना, जगदीशचंद्र बोस यांनी झाडाची वाढ पकडली कशी?

बोस यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ चा, आजच्या बांगलादेशातल्या मैमनसिंगचा. केंब्रिजला शिकून १८८५ मध्ये ते कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवू लागले. भारतीय म्हणून त्यांना गोऱ्या प्राध्यापकांपेक्षा कमी पगार ठरला. त्यांनी शिकवणं सोडलं नाही, पण तीन वर्षं पगाराला हातही लावला नाही. शेवटी पूर्ण पगार थकबाकीसकट द्यावा लागला.

आधी त्यांनी रेडिओलहरींवर काम केलं, मग ते झाडांकडे वळले. त्यांचा क्रेस्कोग्राफ साधा वाटतो, पण डोकं जबरदस्त आहे. झाडाच्या शेंड्याला एक तरफ जोडायची, ती हालचाल १०० पट मोठी करते. तिला दुसरी तरफ, ती आणखी १०० पट. एकूण १०,००० पट! म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग वाढला, तर एक सेंटिमीटर दिसतो. काजळी धरलेली काच ठरावीक वेळाने सुईला टेकते आणि ठिपके उमटत जातात. खताचा परिणाम बघायला आठवडे थांबायची गरज नाही, काही मिनिटांत कळतो.

१९१७ मध्ये त्यांनी कोलकात्यात बोस इन्स्टिट्यूट उभारली. पुढचं यंत्र त्याहून कितीतरी पट ताकदीचं होतं, म्हणून लंडनमध्ये काहींनी शंका घेतली. बोस नुसते वाद घालत बसले नाहीत. १९२० मध्ये त्यांनी नामवंत शास्त्रज्ञांसमोर यंत्र चालवून दाखवलं आणि त्यांनी ते खरं असल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. झाडांना ‘नसा’ असतात या त्यांच्या मतावर पुढेही वाद राहिला, पण झाडात विजेचे संदेश धावतात हे आज मान्य आहे. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीहला त्यांचं निधन झालं.

आज शास्त्रज्ञ चमकणारी प्रथिनं वापरून जिवंत झाडातली एकेक पेशी वाढताना बघतात. मी मात्र यंदा काडी बांधून घेणार आणि फ्रेममध्ये मिलिमीटरची पट्टी ठेवणार. शंका घेणाऱ्याला स्वतः मोजून बघता आलं पाहिजे.