विश्लेषण : चुकीची चावी ओळखणारे कुलूप कसे चालते? ते बनवणारे अर्देशीर गोदरेज कोण होते?

नंदुरबार असो, शहादा असो की नवापूर. बाजारातल्या चावीवाल्याकडे कोऱ्या चाव्यांचा जुडगा, कानस आणि पकड एवढे साहित्य असले की बहुतेक कामे भागतात. साध्या कुलपाची दुसरी चावी तो काही मिनिटांत घासून देतो. लिव्हरचे कुलूप समोर आले की मात्र त्यालाही वेळ लागतो. अलीकडे अशी कुलपे छंद म्हणून उघडणाऱ्यांचे आणि त्यासाठी खास चाव्या घडवणाऱ्यांचे व्हिडीओ मोबाइलवर दिसू लागले आहेत. चावी नसलेल्याला कुलूप उघडता येऊ नये, या एका प्रश्नामागे सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका माणसाने आयुष्य लावले. ते अर्देशीर गोदरेज.

वकिली का सोडली?

अर्देशीर यांचा जन्म २६ मार्च १८६८ रोजी मुंबईतील पारशी कुटुंबात झाला. बुर्जोरजी आणि दोसाबाई यांच्या सहा मुलांत ते थोरले. १८९० मध्ये त्यांचे बचूबाईंशी लग्न झाले. पण एप्रिल १८९१ मध्ये राजाबाई टॉवरवरून पडून बचूबाई आणि त्यांच्या नात्यातील एका तरुणीचा मृत्यू झाला. या प्रकरणाने मुंबई हादरली. खटला चालला, आरोपी निर्दोष सुटला. अर्देशीर यांनी पुन्हा लग्न केले नाही.

कायद्याचे शिक्षण घेतल्यावर १८९४ मध्ये एका खटल्याच्या कामासाठी ते पूर्व आफ्रिकेतील झांझिबारला गेले. अशिलाची बाजू मांडायची तर सत्याला मुरड घालावी लागेल, हे लक्षात आल्यावर त्यांनी नकार दिला आणि पुढच्या वर्षी ते मुंबईला परतले. त्यांची वकिली तिथेच संपली.

पहिला धंदा का बुडाला?

परतल्यावर त्यांनी औषधांच्या व्यवसायात मदतनीस म्हणून काम धरले. तिथे त्यांना शस्त्रक्रियेची उपकरणे बनवण्याची कल्पना सुचली. वडिलांचे स्नेही मेरवानजी कामा यांच्याकडून तीन हजार रुपये कर्ज घेऊन त्यांनी चिमटे, कात्र्या, सुऱ्या तयार केल्या. माल पसंत पडला. मात्र त्यावर भारतात बनल्याचा शिक्का नको, अशी खरेदीदाराची अट होती. अर्देशीर यांनी ती मान्य केली नाही आणि धंदा बंद पडला.

त्याच सुमारास मुंबईतील वाढत्या घरफोड्यांची बातमी त्यांच्या वाचनात आली. चांगली कुलपे तेव्हा परदेशातून येत. कामा यांनी पुन्हा पैसे दिले आणि ७ मे १८९७ रोजी लालबागमध्ये गॅस कंपनीशेजारी २१५ चौरस फुटांच्या शेडमध्ये कुलपांचा कारखाना सुरू झाला. कारागीर होते जेमतेम डझनभर. तेव्हा अर्देशीर २९ वर्षांचे होते.

लिव्हरचे कुलूप कसे चालते?

अशा कुलपात पितळेच्या किंवा पोलादाच्या पट्ट्या एकावर एक रचलेल्या असतात. या पट्ट्या म्हणजेच लिव्हर. प्रत्येक लिव्हरला एक खाच असते. चावीचा प्रत्येक दात आपापल्या लिव्हरला ठरावीक उंचीवर उचलतो. सगळ्या खाचा एका रेषेत आल्या, तरच बोल्ट सरकतो. एक दात केसभर कमी-जास्त झाला तरी कुलूप उघडत नाही. ‘अँकर’ नावाच्या सुरुवातीच्या कुलपांतही प्रत्येक कुलपाची चावी वेगळी असे. एकाची चावी दुसऱ्याला लागू नये, हा त्यामागचा आग्रह होता.

गोर्डियन आणि डिटेक्टर म्हणजे काय?

चावी वेगळी असली तरी तिची नक्कल होऊ शकते. नोकराने किंवा पाहुण्याने गुपचूप चावी बनवून घेतली तर काय, या प्रश्नावर ‘गोर्डियन’ कुलूप आले. त्याला दोन चाव्या असत. दुसरी चावी फिरवली की आतली रचना बदले आणि पहिली चावी निरुपयोगी ठरे. म्हणजे तिची नक्कलही वाया जाई.

‘डिटेक्टर’ची युक्ती वेगळी होती. चुकीची चावी घातली की आतला एक खटका पडून कुलूप अडकून राही. मालकाला आपल्या चावीने ते पूर्ववत करता येई. आणि कुणीतरी हात लावून गेले आहे, हेही तेव्हाच कळे. पुढे गोदरेज बंधूंनी लिव्हरसाठी स्प्रिंग न वापरणाऱ्या कुलपाचे पेटंट घेतले. सतत दाबाखाली राहून स्प्रिंग तुटण्याचा धोका त्यात उरला नाही.

न उघडणारे कुलूप असते का?

डिटेक्टरची मूळ कल्पना इंग्लंडमधील चब यांची, १८१८ ची. १८५१ मध्ये लंडनच्या भव्य प्रदर्शनाच्या वेळी अमेरिकेचे आल्फ्रेड हॉब्ज यांनी चब यांचे हे कुलूप सुमारे २५ मिनिटांत उघडून दाखवले. लिव्हर जास्त उचलली गेली की खटका पडतो, हीच खूण त्यांनी वाटाड्यासारखी वापरली. ब्रामा कंपनीचे दुकानात बक्षीस लावून ठेवलेले कुलूप उघडायला त्यांना १६ दिवसांत मिळून सुमारे ५१ तास लागले. त्यानंतर कुलूपकारांना आपली रचना सुधारणे भाग पडले.

आजच्या छंदाचे मूळ इथे आहे. त्याचे दोन साधे नियम आहेत : कुलूप स्वतःचे असावे आणि ते वापरात नसावे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १२२ नुसार सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत घरफोडीची हत्यारे सबळ कारणाशिवाय जवळ बाळगणे गुन्हा ठरू शकते, हेही लक्षात ठेवायला हवे.

कुलपानंतर काय?

१९०२ मध्ये पहिली गोदरेज तिजोरी बाजारात आली. धाकटे बंधू पिरोजशा यांच्यासह कारखाना वाढत गेला. स्वदेशीच्या चळवळीशी अर्देशीर यांची आस्था होती, पण देशी म्हणून निकृष्ट माल खपवून घ्यावा, हे त्यांना पटत नसे. टिळक फंडाला त्यांनी तीन लाख रुपये दिले. १९१८ मध्ये प्राण्यांच्या चरबीऐवजी वनस्पती तेलापासून बनवलेला साबण त्यांनी आणला. त्याचे नाव होते ‘चावी’.

१९२८ मध्ये कारभार पिरोजशांकडे सोपवून ते नाशिकला शेती करायला गेले. शेतीत त्यांना यश आले नाही. जानेवारी १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले.

मागे काय उरले?

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई गोदीत प्रचंड स्फोट होऊन आग पसरली. त्या आगीत सापडलेल्या गोदरेज तिजोऱ्यांतील ऐवज शाबूत राहिल्याने कंपनीचे नाव सर्वतोमुखी झाले. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लाखो मतपेट्या याच कंपनीच्या विक्रोळीतील कारखान्यात बनल्या. बाहेरून वेगळे कुलूप लावणे महाग पडत असल्याने त्यांचे कुलूप पेटीच्या आतच बसवले होते. नंदुरबार तेव्हा पश्चिम खान्देश जिल्ह्याचा भाग होता. देशभरातील बहुतेक मतदारांसाठी मतदानाचा तो पहिलाच अनुभव होता आणि मत पेटीत पडल्यावर त्याला कुणी हात लावणार नाही, हा विश्वास त्या आतल्या कुलपावर अवलंबून होता.