दामोदर धर्मानंद कोसंबी

दामोदर धर्मानंद कोसंबी (जन्म : कोसबेन, गोवा, ३१ जुलै १९०७, मृत्यू : पुणे, २९ जून १९६६) हे भारतीय गणितज्ञ, संख्याशास्त्रज्ञ, नाणकशास्त्राचे व संस्कृतचे अभ्यासक आणि इतिहासकार होते. प्राचीन भारताच्या इतिहासाची मार्क्सवादी पद्धतीने मांडणी करणारे विद्वान म्हणून ते सर्वाधिक परिचित आहेत. पुण्यात अध्यापन करीत असताना १९४३ साली त्यांनी मांडलेली एक गणिती पद्धत पुढे मशीन लर्निंगच्या पायाभूत साधनांपैकी एक ठरली. आज नागरी तसेच लष्करी यंत्रणांत तिचा वापर होतो. स्वतः कोसंबी मात्र जागतिक शांतता चळवळीचे कार्यकर्ते आणि अण्वस्त्रांचे कडवे विरोधक होते.

बालपण आणि शिक्षण

पाली भाषा व बौद्ध धर्माचे थोर अभ्यासक आचार्य धर्मानंद कोसंबी हे त्यांचे वडील. दामोदर यांचे प्रारंभीचे शिक्षण पुण्यात झाले. धर्मानंदांना पाली ग्रंथांच्या संपादनासाठी हार्वर्ड विद्यापीठाचे निमंत्रण आले, तेव्हा १९१८ साली दामोदर व त्यांची थोरली बहीण माणिक वडिलांबरोबर अमेरिकेस गेली. मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे शालेय शिक्षण घेतल्यावर त्यांनी हार्वर्डमध्ये प्रवेश घेतला व १९२९ साली सर्वोच्च श्रेणीत पदवी मिळवली. याच शहरातील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत शिकवणारे गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर यांच्याशी त्यांची मैत्री झाली.

अध्यापन

भारतात परतल्यावर कोसंबींनी बनारस हिंदू विद्यापीठात गणित व जर्मन हे विषय शिकवले. १९३१ साली फ्रेंच गणितज्ञ आंद्रे वेल यांच्या निमंत्रणावरून ते अलीगढ मुस्लिम विद्यापीठात गेले. त्याच वर्षी त्यांचा नलिनी माडगावकर यांच्याशी विवाह झाला. १९३३ पासून १९४५ पर्यंत ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात होते. त्यांच्या आयुष्यातील हा सर्वांत फलदायी कालखंड मानला जातो. भूमितीतील संशोधनासाठी त्यांना १९३४ साली रामानुजन स्मृती पारितोषिक मिळाले.

संख्याशास्त्रीय संशोधन

संख्याशास्त्राकडे वळल्यावर कोसंबींनी ते प्रथम प्राचीन नाण्यांना लावले. नाणे हातोहात फिरताना झिजते, त्यामुळे अधिक काळ चलनात राहिलेल्या नाण्यांचे सरासरी वजन घटते आणि त्यांच्या वजनांमधील तफावत वाढते. या तत्त्वावर त्यांनी तक्षशिलेच्या साठ्यांतील हजारो आहत नाण्यांची वजने अभ्यासून त्यांचा कालक्रम लावण्याचा प्रयत्न केला.

१९४३ साली इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा ‘स्टॅटिस्टिक्स इन फंक्शन स्पेस’ हा निबंध प्रसिद्ध झाला. सतत बदलणारा व अनिश्चित संकेत काही ठरावीक मूलभूत आकारांच्या बेरजेच्या रूपात कसा मांडावा, हा त्याचा विषय होता. हे आकार अशा रीतीने निवडायचे की त्यांच्या सहगुणकांमध्ये परस्पर सहसंबंध उरू नये. त्यांतील पहिल्या थोड्याच आकारांत संकेतातील बहुतांश बदल सामावतो व उरलेला भाग फारशी हानी न होता वगळता येतो. फिनलंडचे कारी कारुनेन व फ्रेंच-अमेरिकन गणितज्ञ मिशेल लोएव्ह यांनी हाच निष्कर्ष त्यानंतर काही वर्षांतच स्वतंत्रपणे मांडला आणि तो त्यांच्याच नावाने रूढ झाला. आता काही ग्रंथांत त्यास कोसंबी–कारुनेन–लोएव्ह प्रमेय म्हटले जाते.

आकडेवारीच्या सांत संचांसाठी हीच कल्पना प्रमुख घटक विश्लेषण या नावाने ओळखली जाते. हजारो बिंदूंच्या छायाचित्रातून मोजकी वैशिष्ट्ये काढून चेहरा ओळखणे, प्रतिमांचे संक्षेपण, प्रवाहांतील खळबळीचा अभ्यास अशा कामांत ती वापरली जाते. रडार व उपग्रहांच्या प्रतिमांमधून लक्ष्य ओळखणाऱ्या लष्करी यंत्रणांनीही तिचा अवलंब केला आहे. माणसाच्या आज्ञेविना लक्ष्य निवडू शकणाऱ्या शस्त्रांच्या संशोधनात अशी ओळख ही पहिली पायरी असते.

१९४४ साली त्यांनी गुणसूत्रावरील जनुकांमधील अंतराचा अंदाज करणारे सूत्र दिले. आनुवंशिकीत ते ‘कोसंबी फलन’ या नावाने आजही वापरात आहे.

टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि संगणकांचा अभ्यास

होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून कोसंबी १९४५ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. राहते घर पुण्यातच असल्याने ते डेक्कन क्वीनने मुंबईस ये-जा करीत. युनेस्कोची अभ्यासवृत्ती मिळाल्यावर १९४८-४९ मध्ये त्यांनी अमेरिका व इंग्लंडमध्ये गणनयंत्रांचा अभ्यास केला. प्रिन्स्टन येथे त्यांच्या आल्बर्ट आइन्स्टाइन यांच्याशी चर्चा झाल्या.

युद्धाला जुंपलेले विज्ञान हा त्या काळातील शास्त्रज्ञांपुढील ज्वलंत प्रश्न होता. वीनर यांनी दुसऱ्या महायुद्धात विमानवेधी तोफांसाठी विमानाच्या पुढील स्थानाचे भाकीत करणारे गणित विकसित केले होते. युद्धानंतर त्यांनी क्षेपणास्त्रांच्या कामासाठी आपले संशोधन देण्यास जाहीर नकार दिला.

शांतता चळवळ आणि अणुऊर्जेस विरोध

कोसंबी जागतिक शांतता परिषदेचे सदस्य होते. विज्ञानाची दिशा त्यास पैसा पुरवणारा वर्ग ठरवतो, अशी त्यांची भूमिका होती. म्हणूनच संशोधनाची जबाबदारी प्रयोगशाळेच्या दारापाशी संपते, हे त्यांना मान्य नव्हते. अणुऊर्जा भारतासाठी खर्चिक असून तिचे शस्त्रास्त्रांशी नाते तोडता येत नाही, असे सांगून त्यांनी सौरऊर्जेचा पुरस्कार केला. हे मत भारताच्या अणुकार्यक्रमाचे प्रमुख असलेल्या भाभांच्या धोरणाशी उघडपणे विसंगत होते. रीमान गृहीतकाच्या सिद्धतेचा त्यांचा दावा गणितज्ञांनी स्वीकारला नाही, त्यामुळेही त्यांच्या प्रतिष्ठेस धक्का बसला. १९६२ साली संस्थेने त्यांच्या कराराचे नूतनीकरण केले नाही.

अखेरची वर्षे

याच काळात त्यांचे इतिहासलेखन बहरले. ‘अॅन इंट्रोडक्शन टू द स्टडी ऑफ इंडियन हिस्टरी’ (१९५६) व ‘मिथ अँड रिअॅलिटी’ (१९६२) हे त्यांचे गाजलेले ग्रंथ होत. १९६४ साली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यांची मानद शास्त्रज्ञ म्हणून नेमणूक केली. पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीशी संलग्न राहून त्यांनी अखेरपर्यंत काम केले. २९ जून १९६६ रोजी हृदयविकाराने त्यांचे झोपेतच निधन झाले.

१९८० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यांना मरणोत्तर हरिओम आश्रम पुरस्कार दिला. २००८ साली भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.