मूठभर तांदळाची शाळा आणि के. कामराज

पेरियार रामस्वामी यांचे नाव आपल्या लोकांना ठाऊक आहे. पण पक्ष वेगळा असूनही ज्या मुख्यमंत्र्याच्या पाठीशी पेरियार उभे राहिले, त्या के. कामराज यांच्याविषयी आपल्याकडे फार थोडे लिहिले जाते. म्हणून आमचा हा लेखनप्रपंच.

कामराजांचा जन्म १५ जुलै १९०३ रोजी आजच्या तामिळनाडूतील विरुधुनगर येथे नाडार समाजात झाला. ताडावर चढून ताडी काढणारी म्हणून ही जात हिणवली गेलेली. देवळाचे दार तिला बंद होते. १८९९ साली शिवकाशीला याच देवळाच्या प्रश्नावरून मोठी दंगल पेटली. विरुधुनगरचे नाडार व्यापारात शिरले होते. त्यांनी दुसऱ्याच्या दाराशी न जाता स्वतःची शाळा काढली, क्षत्रिय विद्याशाळा. तिच्या खर्चासाठी घरोघरच्या बायका भात रांधताना मूठभर तांदूळ बाजूला काढून ठेवत. तो गोळा व्हायचा आणि त्यावर शाळा चालायची. भीक मागून नव्हे, स्वतःच्या चुलीतून! त्या शाळेत कामराज शिकले.

शिकले म्हणजे तरी किती? लहानपणीच वडील गेले. आई शिवकामी यांनी दागिने मोडून घर चालवले. बाराव्या वर्षाच्या सुमारास शाळा सुटली आणि पोरगा मामाच्या कापडदुकानात बसला. पुढचे सारे शिक्षण वर्तमानपत्रातून, सभांतून आणि इंग्रजांच्या तुरुंगात झाले. अर्ध्यावर शाळा सुटलेल्या आमच्यासारख्या माणसांना हे वाचताना काय वाटते, ते वेगळे सांगायला नको.

१९५३ साली मद्रासचे मुख्यमंत्री राजाजी यांनी एक योजना आणली. गावातल्या मुलांनी तीन तास शाळेत बसावे आणि उरलेल्या वेळात घरी बापाचा धंदा शिकावा. म्हणजे परटाच्या पोराने कपडे धुवावेत, चांभाराच्या पोराने चामडे कमवावे! पेरियारांच्या चळवळीने याला कुलकल्वी, म्हणजे जातीचे शिक्षण, असे नाव देऊन रान उठवले. राजाजींना जावे लागले. १३ एप्रिल १९५४ रोजी कामराज मुख्यमंत्री झाले आणि त्यांनी ती योजना गुंडाळून टाकली. त्यांच्या लहानशा मंत्रिमंडळात देवस्थानांचे खाते पी. परमेश्वरन या दलित मंत्र्याकडे होते. ज्या समाजाला देवळाच्या पायरीवरून हाकलले, त्याच समाजाचा माणूस देवस्थानांचा मंत्री! हे आम्हाला फार मोठे वाटते.

शाळेचा दिवस पुरा झाला, पण उपाशी पोर दिवसभर बसणार कसे? दौऱ्यात गुरे राखणारा एक मुलगा भेटला. शाळेत का जात नाहीस म्हणून विचारले, तर त्याने उलट विचारले की शाळेत गेलो तर मला जेवायला कोण घालील. ही गोष्ट तिकडे घरोघर सांगतात. दुपारचे जेवण मद्रास शहराला नवे नव्हते. १९२० साली जस्टिस पक्षाच्या पिट्टी त्यागराय यांनी महापालिकेच्या शाळेत ते सुरू केले होते, पण सरकारने पैसा अडवल्याने १९२५ साली बंद पडले. कामराजांनी ते खेड्यात नेले. अधिकारी म्हणाले पैसा नाही. यांनी झोळी घेऊन दारोदार फिरायची तयारी दाखवली.

१९५६ साली एट्टयापुरमला पहिली पंगत बसली. आधी गावांनीच धान्य दिले, १९५७ पासून सरकारने हात लावला. एका जेवणाला दहा पैसे धरले, सहा सरकारचे आणि चार गावाचे. भात आणि सांबार, बस. शिक्षण संचालक सुंदरवडिवेलु यांनी १९५८ पासून गावोगाव शाळा सुधार परिषदा भरवल्या. कुणी फळा दिला, कुणी बाके, कुणी ताटे. मूठभर तांदळाचीच ही रीत होती, फक्त आता सगळ्या जातींच्या पोरांसाठी. यात एक खोट होती, ती लपवण्यात अर्थ नाही. ज्या गावात सगळेच कंगाल, तिथे चार पैसे कोण घालणार? ती खोट १९८२ साली एम. जी. रामचंद्रन यांनी सरकारचा पैसा ओतून भरून काढली.

कामराजांनी १९६३ साली पद सोडले, १९६७ साली ते घरच्याच मतदारसंघात हरले, २ ऑक्टोबर १९७५ रोजी वारले. लग्न नाही, स्वतःचे घर नाही.

आपल्या महाराष्ट्रात मात्र १९९५ च्या केंद्राच्या योजनेत पोरांच्या हातात महिन्याला तीन किलो कोरडा तांदूळ दिला जाई. तो घरच्या पातेल्यात पडे आणि सगळ्यांत वाटला जाई. पोर शाळेत उपाशीच. शिजवून द्या, असा आदेश सुप्रीम कोर्टाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी दिला, तेव्हा कुठे शाळेत खिचडी शिजू लागली.

शिजवायची म्हटली की प्रश्न येतो, कुणाच्या हातची? २०१८ साली कामराजांच्याच तामिळनाडूत, तिरुप्पूर जिल्ह्यातल्या एका गावी, दलित बाईच्या हातचे पोरांना नको म्हणून सवर्ण पालकांनी शाळा अडवली आणि अधिकाऱ्यांनी बाईचीच बदली केली. लोक रस्त्यावर आले. बदली रद्द झाली, अडवणाऱ्यांवर ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला आणि ती बाई परत त्याच चुलीपाशी उभी राहिली.