थॉमस रोलँडसन

थॉमस रोलँडसन (१३ जुलै १७५७ – २१ एप्रिल १८२७) हे इंग्लिश व्यंगचित्रकार, जलरंगचित्रकार व मुद्राचित्रकार होते. लष्करी जीवन आणि त्याभोवती जमणारा हौशी नागरिकवर्ग हा त्यांच्या उपहासाचा एक आवडता विषय होता. मुंबई कधीही न पाहता त्यांनी मुंबईविषयक व्यंगचित्रे काढली.

== जीवन ==
रोलँडसन यांचा जन्म लंडनमधील एका कापड व्यापाऱ्याच्या घरी झाला. ते लहान असतानाच वडिलांचे दिवाळे निघाले व काका-काकूंनी त्यांचा सांभाळ केला. १७७२ साली त्यांनी रॉयल अकॅडमीच्या कलाशाळेत प्रवेश घेतला. काही काळ ते पॅरिसमध्येही राहिले. काकूंकडून वारशाने मिळालेली मोठी रक्कम त्यांनी जुगारात घालवली. त्यानंतर उदरनिर्वाहासाठी त्यांनी प्रकाशकांकरिता अखंड काम केले.

== लष्करी विषयावरील चित्रे ==
१७७८ मध्ये फ्रान्स अमेरिकेच्या बाजूने युद्धात उतरल्यावर इंग्लंडमध्ये आक्रमणाची भीती पसरली. केंटमधील कॉक्सहीथ येथे मोठी छावणी उभारण्यात आली आणि ती पाहण्यासाठी लंडनच्या प्रतिष्ठितांची रीघ लागली. हेन्री बनबरी यांनी या भेटींवर उपहासचित्रे काढली. बनबरींची अनेक रेखाटने पुढे रोलँडसन यांनी ताम्रपटावर कोरली. त्यांच्या बराकींच्या चित्रांत शिस्तीपेक्षा सैनिक, स्त्रिया व मुले यांचा एकत्र संसार दिसतो. १७९९ साली रुडॉल्फ आकरमन यांनी लंडनच्या स्वयंसैनिकांवरील त्यांचा ८७ चित्रांचा संच प्रकाशित केला. त्यात मात्र उपहास नाही. अशा चित्रांची बाह्यरेषा रोलँडसन स्वतः कोरीत. छापील प्रतींवर रंग हाताने भरले जात.

== मुंबईशी संबंध ==
१८१६ साली थॉमस टेग यांनी 'क्विझ' या टोपणनावाने लिहिलेले 'द ग्रँड मास्टर' हे उपहासकाव्य प्रकाशित केले. त्याच्या नायकाचे 'क्वी हाय' हे नाव गोरे साहेब नोकराला बोलावताना देत असलेल्या 'कोई है' या हाकेवरून आले आहे. रोलँडसन यांनी या काव्यासाठी काढलेल्या चित्रांत नायकाची डोंगरीतील रात्रीची फेरी आणि घारापुरीच्या लेण्यांचा परिसर आढळतो. ही दृश्ये कल्पनेवर आधारलेली असल्याने तत्कालीन मुंबईचे स्थलचित्रण म्हणून त्यांचा उपयोग मर्यादित आहे. कंपनी सरकारच्या कारभारावर इंग्लंडमध्येच होत असलेल्या टीकेचा पुरावा म्हणून त्यांचे महत्त्व अधिक आहे.

== मृत्यू ==
रोलँडसन यांचे लंडन येथे निधन झाले. कॉव्हेंट गार्डनमधील सेंट पॉल चर्चमध्ये त्यांचे दफन करण्यात आले.