केरूनाना छत्रे : भरती-ओहोटीचं गणित मराठीत मांडणारे शिक्षक



तुमची शाळा किनाऱ्यावर असेल, तर हा प्रश्न कधी ना कधी तुमच्यासमोर आला असेल. काल भरती दुपारी एकला होती, मग आज पावणेदोनला का? रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात वाढणाऱ्या मुलाला हे विचारायला विज्ञानाचं पुस्तक उघडावं लागत नाही. बंदरातलं पाणी तो रोज बघतो. त्याच्या घरातल्या जुन्या माणसांना एक हिशोबही तोंडपाठ असतो: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. आपण वर्गात मात्र बहुतेक वेळा चंद्रामुळे एवढं एकच उत्तर देतो आणि फळा पुसतो.

याच विषयावर दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी मराठीत निबंध लिहिणाऱ्या एका शिक्षकाची आज ओळख करून घेऊ. त्यांचं नाव विनायक लक्ष्मण छत्रे. सगळे त्यांना केरो लक्ष्मण किंवा केरूनाना म्हणत. लोकमान्य टिळकांचे गुरू एवढीच त्यांची ओळख पाठ्यपुस्तकांतून मिळते. मला ती अपुरी वाटते.

केरूनानांचा जन्म १६ मे १८२५ चा, अलिबागजवळच्या नागावचा. म्हणजे तेही किनाऱ्यावरचेच. मराठीत शालेय पुस्तकं लिहिणारे बापू छत्रे त्यांच्या नात्यातले. शिक्षण मुंबईत झालं. तेव्हा मुंबई विद्यापीठ निघालंच नव्हतं, त्यामुळे त्यांच्या नावापुढे पदवी नाही. पंधरा-सोळा वर्षांचे असतानाच ते कुलाब्याच्या वेधशाळेत लागले. तिथे प्राध्यापक ऑर्लिबार यांच्या हाताखाली काम होतं. आज आपल्या दहावीच्या मुलाचं जे वय, त्या वयात हा मुलगा उपकरणांवरचे आकडे वाचून वहीत उतरवत होता. ठरलेल्या वेळी, रोज, न चुकता. कंटाळवाणं काम आहे हे! पण पुढे आयुष्यभर जी सवय त्यांच्या अंगी राहिली, ती इथलीच असावी असं मला वाटतं: आधी बघायचं, लिहून ठेवायचं, मग बोलायचं.

१८४८ मध्ये एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी मुंबईत ज्ञानप्रसारक सभा काढली. मराठीतून लोकांपुढे निबंध वाचायचे, ते मासिकात छापायचे, असा तिचा उद्योग. केरूनानांनी तिच्यासाठी हवा, कालज्ञान आणि भरती-ओहोटी या विषयांवर लिहिलं. विषय बघा: सामान्य माणसाला रोज पडणारे हे प्रश्न. शब्द तयार नव्हते, वाचकाला पार्श्वभूमी नव्हती, तरी त्यांनी मराठीच निवडली.

आता तो पाऊणपटीचा हिशोब जरा उलगडून बघू. तुम्हाला वर्गात हे थेट वापरता येईल. सूर्य आणि चंद्र यांच्यात १२ अंशांचं अंतर वाढलं की एक तिथी पूर्ण होते. ३० तिथ्यांत ३६० अंश. पृथ्वी स्वतःभोवती तासाला १५ अंश फिरते, म्हणजे १२ अंश फिरायला तिला ४८ मिनिटं लागतात. चंद्र पुढे सरकलेला असतो, त्याला गाठायला पृथ्वीला रोज एवढं जास्त फिरावं लागतं. तेवढ्यात चंद्र आणखी थोडा सरकतो, म्हणून प्रत्यक्ष उशीर ५० मिनिटांच्या आसपास होतो. ४८ मिनिटं म्हणजे जवळजवळ पाऊण तास. दर्यावर्दी माणसाने घड्याळाशिवाय काढलेला हिशोब आणि खगोलशास्त्र इथे हातात हात घालून चालतात. फरक पडतो तो ठिकाणाचा. रत्नागिरीला भरती मुंबईपेक्षा थोडी आधी येते, त्यामुळे मुलांनी वेळा नोंदवल्या तर हिशोबातली वेळ आणि जेटीवरची वेळ जुळणार नाही. त्यांना तो फरक स्वतःच शोधू द्या. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य-चंद्राची ओढ एकाच रेषेत येते म्हणून उधाण, आणि अष्टमीला काटकोनात येते म्हणून भांगाची भरती, हेही त्याच वहीत दिसेल.

१८५१ च्या सुमारास केरूनाना पुण्याला शिकवायला गेले. पुढे डेक्कन कॉलेजात गणित शिकवलं. रत्नागिरीत जन्मलेले टिळक तिथेच त्यांचे विद्यार्थी झाले. शाळांसाठी त्यांनी पदार्थविज्ञानाचं आणि अंकगणिताचं पुस्तकही मराठीत तयार केलं.

पण त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत धाडसाचं काम पंचांगाचं. तेव्हाची पंचांगं ग्रहलाघव या ग्रंथावरून होत. तो ग्रंथ कोकणातल्याच नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० मध्ये रचलेला. उत्तम ग्रंथ, पण तीनशे वर्षांत बारीक चुका साठत गेल्या आणि पंचांगातलं गणित आकाशाशी जुळेना. केरूनानांनी युरोपातल्या नव्या गणिताच्या आधारे ग्रहसाधनाची कोष्टकं तयार केली. ती १८६० मध्ये छापून आली, आणि १८६५ पासून त्यांच्या गणिताचं पंचांग निघू लागलं. पटवर्धनांच्या पाठबळामुळे त्याला पटवर्धनी पंचांग म्हणत.

यात काय पणाला लागलं होतं ते लक्षात घ्या. तिथी काही घटकांनी सरकली की एकादशीचा दिवस बदलतो, श्राद्धाचा दिवस बदलतो. सरकारी कॉलेजातल्या एका शिक्षकाच्या आकडेमोडीवर घरोघरचा उपास कोण हलवणार? विरोध झाला. बहुतेक महाराष्ट्र जुन्याच पंचांगावर राहिला. केरूनानांनी मात्र आपलं गणित मागे घेतलं नाही.

१८७९ मध्ये ते निवृत्त झाले आणि १९ मार्च १८८४ रोजी वारले. राशिचक्राचा आरंभ त्यांनी रेवती नक्षत्रातल्या एका ताऱ्यापासून धरला होता. हाच पक्ष पुढे टिळकांनी उचलून धरला आणि आजचं टिळक पंचांग त्याच पायावर चालतं. रत्नागिरीकडे ते मानणारी घरं आजही आहेत. आरंभबिंदू सुमारे चार अंशांनी वेगळा, म्हणून संक्रांती सुमारे चार दिवस आधी. ज्या चांद्रमासात संक्रांत नाही तो अधिक मास, त्यामुळे एखाद्या वर्षी अधिक मासच बदलतो आणि शेजारच्या घरातला गणपती आपल्यापेक्षा महिनाभर आधी-नंतर बसतो. मुलं हेही विचारतात, आणि घरातले मोठे हसून सोडून देतात. मुलांना एवढं तरी सांगा: दोन्ही घरांची चतुर्थी चतुर्थीच असते, कारण तिथी सूर्य-चंद्रातल्या अंतरावरून ठरते. त्या दोन्ही दिवशी मिरकरवाड्याच्या बंदरात भरती साधारण एकाच वेळेला येते.